कानाला दडे बसलेत: घरी काय करता येईल?

ओसरी | रविवार, सकाळी ११:४०

मंडळी, गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी निवांत डोक्यावरून आंघोळ केली, टॉवेलने डोकं पुसलं आणि उजवा कान गेला. कोणीतरी उशी दाबून धरल्यासारखा. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती, मला नुसता सूर येत होता, शब्द नाही. स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमत होता. एका पायावर उड्या मारून झाल्या, मान तिरकी करून झाली. मग नेहमीचा उपाय, इअरबड. (मुलगा म्हणाला, "बाबा, माझे घेऊ नका, चार्जिंगला आहेत." कापसाचे रे, कापसाचे.) बडला जरासा पिवळा मळ लागला, बरं वाटलं, आणि पुढच्या पाच मिनिटांत येत होता तो सूरही बंद.

दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे गेलो. त्यांनी दुर्बीण घालून समोरच्या स्क्रीनवर दाखवलं. गुळाच्या ढेपेसारखा काळपट गोळा आणि त्यात रुतलेले कापसाचे पांढरे तंतू. "हे तुम्हीच ठासून भरलंय," एवढंच म्हणाले. चार दिवस थेंब घालून परत बोलावलं आणि सक्शनने काढलं. बाहेर आलो तर स्वतःच्या चपलांचा आवाजही मोठा वाटत होता.

आता प्रश्न आईचा आहे. आई ७१ वर्षांची, चिपळूणला एकटी असते, मधुमेह आहे. पंधरा दिवस झाले डावा कान बंद आहे आणि आत खाज येते. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून लसूण तळून ते कोमट तेल रोज घालते आहे. पावसापाण्यात दवाखान्यात जायचं नाही, घरच्या घरी काय ते सांग, असा आदेश आहे. काय सांगू?

शेवग्याची शेंग | रविवार, दुपारी १२:१५

लसणाचं तेल आमच्याकडेही राष्ट्रीय औषध आहे! माझ्या आजीकडे चांदीचा जुडगा होता, एका कडीत तीन वस्तू: दातकोरणं, कानकोरणं आणि बारीक चिमटा. दुपारी जेवण झालं की ओटीवर बसून आजी कान कोरायची, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखी. आम्ही नातवंडं रांगेत. बाबांनी पुढे परंपरा स्कूटरच्या किल्लीवर आणली. आई केसांचा आकडा वापरते. मी सुशिक्षित, म्हणून बड.

खडूस | रविवार, दुपारी १२:३२

प्लास्टिकच्या काडीच्या बडवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली तेव्हा वाटलं होतं, चला, लोकांचे कान वाचले. दुसऱ्या दिवशी दुकानात बांबूच्या काडीचे हजर. पर्यावरण वाचलं, कान तिथेच.

गंमत म्हणजे बऱ्याच पाकिटांवर कानाच्या नळीत घालू नका असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. आपण तेवढं सोडून बाकी सगळं वाचतो.

नाकघसा | रविवार, दुपारी ३:०५

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. न बघता औषध देणार नाही, पण थोडं लिहितो.

कानातला मळ ही घाण नाही. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि बारीक केस असतात ते फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. पुढचा हाडातला भाग कोरा. त्यामुळे पडद्याला चिकटलेला मळ दिसला की तो बहुतेक वेळा ढकलून तिथवर नेलेला असतो, आणि पेशंट कितीही "मी काहीच घालत नाही डॉक्टर" म्हणाला तरी आम्हाला कळतं. या मळाने कातडीला तेलकटपणा मिळतो, पाणी टिकत नाही, धूळ अडते. तो किंचित आम्ल असतो, त्यामुळे जंतूंना तिथे सहज घर करता येत नाही.

आणि कान स्वतःच स्वतःला साफ करतो. नळीतली कातडी पडद्याकडून बाहेर सरकत असते, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. आपण बोलतो, चावतो, तेव्हा जबडा हलतो आणि सुटलेला मळ दाराशी येतो. तिथे तो टॉवेलच्या टोकाने पुसायचा. बस. बोटाला टॉवेल गुंडाळून जिथवर जातं तिथवरच आपली हद्द.

ओसरी, तुमचं आंघोळीनंतर झालं ते अगदी ठरलेलं चित्र आहे. नळी ९५ टक्के भरली तरी उरलेल्या फटीतून आवाज जातो आणि माणसाला पत्ता नसतो. पाणी गेलं की मळ फुगतो, फट बुजते, एका मिनिटात दडे बसतात.

आईंबद्दल काही सांगण्याआधी दोन गोष्टी सांगा. कान दुखतो किंवा वाहतो का? आणि लहानपणी कधी कान फुटला होता का? त्यांना फोन करून नीट विचारा. तोवर तेल बंद.

टेम्सकाठी | रविवार, दुपारी ४:४८

इंग्लंडमधून लिहिते आहे. इथे आधी तेलच घालायला सांगतात, पण लसणाचं नव्हे. औषधाच्या दुकानात मिळणारं ऑलिव्ह किंवा बदाम तेल, २-३ थेंब, दिवसातून ३-४ वेळा, ३ ते ५ दिवस. नंतर पुढच्या दोनेक आठवड्यांत मळ आपोआप बाहेर येतो असं सांगतात. धातूच्या मोठ्या पिचकारीने कान धुवायची जुनी पद्धत इथल्या मार्गदर्शक सूचनांनी २०१८ मध्ये बाद केली. आता यंत्राने हलक्या दाबाचं पाणी, नाहीतर मायक्रोसक्शन, म्हणजे बारीक नळीने मळ ओढून काढणं. बरेच सरकारी दवाखाने मात्र कान साफ करूनच देत नाहीत, खासगीत जा म्हणतात. सासरे आले होते तेव्हा पैसे भरले आणि त्यांनी तिथल्या तिथे रुपयांत हिशेब करून दाखवला. कान मोकळा झाल्याचा आनंद त्यात वाहून गेला.

सातपुडा | रविवार, संध्याकाळी ६:१०

डॉक्टर, एक शंका. मी कानात काहीही घातलं, अगदी करंगळीचं टोक जरी, तरी खोकला येतो. बायको म्हणते नाटकं करतोस.

नाकघसा | रविवार, संध्याकाळी ६:३७

नाटक नाही. व्हेगस नावाची एक लांबलचक नस आहे, घसा, छाती, पोट सगळीकडे जाणारी. तिची एक फांदी कानाच्या नळीच्या कातडीत येते. तिला धक्का लागला की काही लोकांना खोकला येतो, क्वचित कोणाला भोवळही. पत्नीला हा प्रतिसाद दाखवा. आणि करंगळी काढा.

सातपुडा | रविवार, संध्याकाळी ६:४१

दाखवला. "मग घालतोस कशाला" असं उत्तर आलं. _/\_

दवबिंदू | रविवार, रात्री ९:२०

कोणी ती कॅमेऱ्याची कानकोरणी वापरली आहे का? मोबाईलवर आतलं सगळं दिसतं. मी मागवली आहे. खरं सांगते, व्यसन लागतं. पहिल्या रात्री मी आणि नवऱ्याने मालिका सोडून एकमेकांचे कान बघितले.

खडूस | रविवार, रात्री ९:३३

संसार असाच टिकतो.

नाकघसा | रविवार, रात्री १०:०२

बघा, पण कोरू नका. स्क्रीनवर खोली कळत नाही. मळ आणि पडदा यांत किती अंतर आहे ते त्या सपाट चित्रात दिसत नाही, आणि मोबाईलकडे बघत हात चालवताना उजवं-डावं उलटंसुलटं होतं. हाडाच्या भागावरची कातडी इतकी पातळ असते की नुसत्या घासण्याने रक्त येतं. त्यातून कोणी मागून हाक मारली, मूल धावत येऊन आदळलं, तर पडदा गेला. "पाठीमागून धक्का लागला" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता पेशंटच्या आधी मीच म्हणतो.

वाताहत | सोमवार, सकाळी ८:१५

डॉक्टरसाहेबांबद्दल आदर आहे, पण आयुर्वेदात कर्णपूरण सांगितलंच आहे ना? कानात तेल घालणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने आमच्या सगळ्या भावंडांच्या कानांत तेल सोडलं, आम्ही सगळे खणखणीत ऐकतो. उगाच घाबरवू नये.

नाकघसा | सोमवार, सकाळी ८:५०

तेलाशी माझं वैर नाही. मळ मऊ करायला तेल चालतं, टेम्सकाठी यांनी तेच लिहिलंय. २०१८ साली कोक्रेनने (औषधांवरच्या संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) थेंबांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात कुठलं एक औषध दुसऱ्यापेक्षा सरस असं निघालं नाही, साधं पाणी किंवा मिठाचं पाणीही फार मागे नव्हतं. म्हणजे महागड्या बाटलीचा आग्रह मीही धरणार नाही.

माझं भांडण दोन गोष्टींशी आहे. पडदा शाबूत आहे का हे न बघता घालणं, आणि रोज घालणं. पडद्याला भोक असेल तर घातलेलं तेल थेट मधल्या कानात. आणि कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कान सतत ओला राहिला की बुरशी धरते. लोणच्याला धरते तशीच. वैद्यसुद्धा कर्णपूरण तपासून करतात, शेजारणीच्या सांगण्यावरून नाही. बाळांच्या बाबतीत तर सरळ सांगतो, मालिश करा, कानात तेल सोडू नका.

बेळगावी कुंदा | सोमवार, सकाळी १०:२०

डॉक्टर, धडधाकट माणसाने, ज्याला मधुमेह नाही, कान कधी फुटलेला नाही, त्याने घरी थेंब घालायचे तर नेमके कसे? दुकानदार नुसती बाटली देतो.

नाकघसा | सोमवार, दुपारी २:१५

चांगला प्रश्न.

बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरा किंवा वाटीभर कोमट पाण्यात उभी करा. गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये नाही. थेंब अंगाच्या उष्णतेचे हवेत, ना गार ना गरम. गार थेंब किंवा गार पाणी गेलं की आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला धक्का बसतो आणि खोली गरगर फिरते. (व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी यांच्या पेशंटनी कान धुताना चक्कर येते अशी तक्रार केली. गार पाण्याने डोळे एकीकडे फिरतात, गरम पाण्याने दुसरीकडे, हे त्यांनी हेरलं आणि त्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. तुम्हाला फक्त उलटी मिळेल.)

बंद कान वर येईल असं कुशीवर झोपा. दुसऱ्याला घालायला सांगा, स्वतःचं स्वतः घालताना अर्धे थेंब गळ्यावर जातात. मोठ्या माणसाचा बाहेरचा कान वर आणि मागे ओढला की नळी सरळ होते. ३-४ थेंब कडेने सोडा, म्हणजे हवा बाहेर यायला वाट राहते. कानासमोरचा छोटा उंचवटा बोटाने हलका दाबा, थेंब आत उतरतात. मग ५ ते १० मिनिटं तसंच पडून राहा. उठताना कानाशी टॉवेल धरा, वाहून येईल ते पुसा. कापसाचा बोळा आत कोंबू नका.

पहिल्या दोन दिवसांत कान आणखी बंद वाटेल. मळ फुगतोय, घाबरू नका आणि याच दिवशी बड घेऊ नका! जास्तीत जास्त पाच दिवस. नाही निघाला तर दाखवा, मऊ झालेला मळ काढायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. टर्पेंटाइन आणि बेन्झोकेन असलेले थेंब आपल्याकडे सर्रास मिळतात. त्यांनी जळजळ झाली की तिथेच थांबवा. हायड्रोजन पेरॉक्साइड घेणार असाल तर बाटली वाचा, आपल्याकडे बऱ्याचदा ६ टक्क्यांची असते, ती जखमांसाठी. तशीच कानात ओतू नका.

रबरी पंपाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने घरी पाणी मारणं मी सुचवत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात नाही. त्यांच्या कानात ओल आणि ओरखडा एकत्र आले तर जंतूंचं दुखणं हाडापर्यंत जाऊ शकतं आणि ते अतिशय वाईट दुखणं आहे.

ओसरी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

आईशी बोललो. दुखत नाही म्हणाली. लहानपणी कान फुटला होता का विचारलं तर आधी "नाही रे" आणि मग पाच मिनिटांनी सहज: "तसा दर पावसाळ्यात वाहायचा. शाळेत कापूस घालून जायचे. सगळ्यांचेच वाहायचे तेव्हा." चव्वेचाळीस वर्षांत मला हे पहिल्यांदा कळलं.

नाकघसा | सोमवार, संध्याकाळी ७:३४

तेल, थेंब, पाणी, काहीही नाही. अंघोळीला कानाशी व्हॅसलिन लावलेला कापूस, फक्त बाहेरच्या बाजूला. या आठवड्यात दाखवा. चिपळुणात ईएनटी आहेत, पुण्याला आणायची गरज नाही.

मालवणी खाजा | सोमवार, रात्री ८:१०

मेल्यांनू, कानात काय घालू नकात म्हणून डॉक्टर दोन दिस सांगतत, ऐकणारो कोण? सगळ्यांचे कान बंद!

हेमलकसा ते हेलसिंकी | मंगळवार, सकाळी ७:०५

कान-मेणबत्तीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. एका स्पामध्ये करून घेतली होती. पोकळ मेणबत्ती कानात उभी करून पेटवतात, शेवटी उलगडून आतला तपकिरी मळ दाखवतात. मी उरलेली मेणबत्ती घरी आणून नुसती ग्लासात उभी करून जाळली. तेवढाच "मळ" निघाला. ग्लासाच्या कानातला असावा.

मुंबईत पूर्वी लोकलच्या स्टेशनाबाहेर लाल पगडीवाले कान साफ करणारे बसायचे, पगडीत सळई खोचलेली. माझ्या काकांच्या कानातून त्यांनी चक्क खडा काढून दाखवला होता. काका बरीच वर्षं तो खडा कसा गेला असेल यावर विचार करत होते.

सुपारीचं खांड | मंगळवार, सकाळी ११:१५

मला थोडं गंभीर लिहायचं आहे. माझ्या मेव्हण्याला एका सकाळी उठल्यावर डाव्या कानाने येईनासं झालं. मळच असणार, म्हणून आठ दिवस थेंब घातले. मग दाखवलं तर कान स्वच्छ. नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर स्टिरॉइडने परत येण्याची आशा बरीच जास्त होती. थोडं आलं, पूर्ण नाही. फोन आता उजव्या कानालाच.

नाकघसा | मंगळवार, दुपारी १:४०

सुपारीचं खांड, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. तोंड मिटून "म्‌ऽऽऽ" असा हुंकार काढा. मळाने बंद झालेला असेल तर आवाज बंद कानात मोठा वाटतो. (एरवी एका कानात बोट घालून हुंकार काढून बघा, तसाच.) नस गेली असेल तर चांगल्या कानाकडे जातो. आम्ही हेच ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून करतो. पण याने फक्त घाईचं भान यावं, निदान होत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर हुंकार काहीही सांगो, त्याच दिवशी दाखवा. शिट्टीसारखा आवाज किंवा चक्कर सोबत असेल तर वाटेत चहालाही थांबू नका.

अबोली | मंगळवार, रात्री १०:२५

जरा अवांतर. माझी सून जपानी आहे. तिच्या कानातला मळ कोरडा, भुश्शासारखा. आमचा चिकट, मधासारखा. तिने माहेरून बांबूचं कानकोरणं आणलंय, मिमिकाकी, मागे पांढऱ्या पिसांचा गोंडा. तिकडे आई मुलाचं डोकं मांडीवर घेऊन कान कोरते, मायेचं काम मानतात. आमच्या चांदीच्या कानकोरण्याची बहीणच वाटली.

नाकघसा | मंगळवार, रात्री १०:५८

अवांतर पण बरोबर. ओला की कोरडा हे एबीसीसी११ नावाच्या एकाच जनुकावर ठरतं, २००६ साली जपानी संशोधकांनीच ते शोधलं. पूर्व आशियात बहुतेकांचा कोरडा. काखेच्या घामाचा वासही त्याच जनुकावर अवलंबून असतो. तुमच्या सूनबाईंना बहुधा डिओडरंटचा खर्च नसेल.

ओसरी | रविवार, सकाळी १०:१०

अपडेट द्यायला आलो. गुरुवारी आईला चिपळुणातच दाखवलं. मळ नव्हताच! बुरशी. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, वर्तमानपत्राचा ओला लगदा कानात कोंबल्यासारखं दिसत होतं, त्यावर काळे ठिपके. आई म्हणाली, "अगो बाई, हे माझ्या डोक्यात होतं?" पडद्याला जुनं, लहानसं भोकही आहे. सक्शनने साफ केलं, बुरशीचं औषध दिलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. साखरही वाढलेली निघाली, त्याचं वेगळं बोलणं खाल्लं.

संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, "ओरडतोस कशाला?"

लसणाचं तेल तिने टाकलेलं नाही. आमटीच्या फोडणीला वापरते आहे.

चिंगीची आई | रविवार, रात्री ८:४६

धागा वर काढते, माफ करा, घाईत आहे. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने कानात चिंचोका घातलाय. आत दिसतोय. सासूबाई म्हणतात कोमट पाणी सोडलं की तरंगून येईल. सोडू का?

नाकघसा | रविवार, रात्री ८:४९

नाही! पाण्याने बी फुगते आणि घट्ट बसते. चिमटाही नको. (तेल फक्त जिवंत किडा गेला तर, वळवळ थांबवायला, तेही पडदा चांगला असेल तर.) दुखत नसेल तर सकाळपर्यंत थांबलं तरी चालेल. पण बटण सेल असण्याची शंका आली तर आत्ता या क्षणी निघा, तो काही तासांत कातडी जाळतो. खेळण्यातला सेल गायब नाही ना, बघा.

चिंगीची आई | सोमवार, सकाळी ११:३०

सेल सगळे जागेवर होते. सकाळी दाखवलं, आकड्याने अर्ध्या मिनिटात निघाला. चिंचोका नव्हता, शेंगदाण्याचं अर्धुक होतं. दुसरं अर्धुक कुठे आहे विचारलं तर साहेबांनी बहिणीकडे बोट दाखवलं. आता दोघांना घेऊन दवाखान्यात बसले आहे.